सीमेवरची माणसे आणि युरोपचा संघ

तेरेखोल नदी सह्याद्रीतून उतरून सावंतवाडी तालुक्यातून वाहत येते आणि आरोंद्याजवळ महाराष्ट्र व गोवा यांच्यामधली सीमा होते. मुखाशी मात्र ही सीमा एक चमत्कारिक वळण घेते. नदीच्या उत्तर काठावर असूनही तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या आश्रयाचे चिमुकले गाव गोव्यात मोडते. त्याला खेटून असलेली रेडी सिंधुदुर्गात. कारण उघड आहे. किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा. पुढे आलोर्नाचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा याने तो १७४६ साली जिंकून घेतला आणि तो भोसल्यांकडे कायमचा असा परत आलाच नाही. किल्ल्यातले संत अंतोनीचे देऊळ पाहावयास आपली मंडळी अजूनही जातात; पण त्या जुन्या लढाईचा धागा आजच्या युरोपपर्यंत पोहोचतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले नागरिक मानतो. त्यांच्या मुलांना व काही अटींवर नातवंडांनाही लिस्बनमध्ये नोंद करून ते नागरिकत्व घेता येते. ते घेतले की भारतीय नागरिकत्व सुटते, कारण आपल्या राज्यघटनेला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. मोबदल्यात युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क हाती येतो. म्हणजे तेरेखोलच्या एखाद्या रेंदेराच्या नातवाला तो हक्क आहे. आणि रेडीच्या, शिरोड्याच्या वा आरोंद्याच्या माणसाला, मग आडनाव तेच असो, बोली तीच असो, सोयरीकही जमलेली असो, तो नाही. आमच्यासारख्या सीमेलगतच्या धर्मगुरूंना याचा अनुभव कार्यालयात बसल्या बसल्या येतो. ‘फादर, आमच्या आजोबांचा बाप्तिस्मा पलीकडे झाला होता का, जुन्या वहीत बघा ना,’ असे विचारणारा तरुण आजोबांच्या पुण्यस्मरणासाठी आलेला नसतो, हे सांगावयास नको.

परंतु या व्यवहारात एक प्रश्न दडलेला आहे आणि प्रस्तुत लेख त्याच प्रश्नासाठी आहे. कागद दिला पोर्तुगालने. तो फ्रान्सने का मानावा? आयर्लंडने का मानावा? एका सार्वभौम राष्ट्राने दिलेल्या पासपोर्टाच्या बळावर दुसऱ्या सार्वभौम राष्ट्रात जाऊन घर मांडावयाचे, आणि त्या दुसऱ्या राष्ट्राने ‘तू लिस्बन कधी पाहिले आहेस का?’ एवढेही विचारावयाचे नाही, असा करार जगाच्या इतिहासात यापूर्वी कोठे झाला होता?

याची सुरुवात कोळसा आणि पोलाद यांच्यापासून झाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी पॅरिसमध्ये एक निवेदन वाचून दाखविले. मसुदा प्रामुख्याने झाँ मोने यांचा; धैर्य शूमान यांचे. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि हा फ्रेंच मंत्री म्हणत होता, की फ्रान्स व जर्मनी यांचे कोळसा व पोलादाचे सारे उत्पादन एका सामाईक वरिष्ठ अधिकाऱ्याखाली ठेवावे. तोफ पोलादाची होते आणि पोलाद कोळशावर वितळते. ज्या राष्ट्राच्या हाती ही दोन्ही एकट्याने उरली नाहीत, त्याला शेजाऱ्याविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारी करता येत नाही. विचार इतका साधा होता. १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसच्या तहावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या आणि १९५२ च्या उन्हाळ्यात लक्झेंबर्ग शहरात नऊ सदस्यांचे ‘उच्च प्राधिकरण’ मोने यांच्या अध्यक्षतेखाली कामाला लागले.

या योजनेमागची तीन प्रमुख माणसे सीमेवरची होती, हे मला महत्त्वाचे वाटते. शूमान यांचा जन्म लक्झेंबर्गमधला. वडील लोरेन प्रांतातले, जो १८७१ साली जर्मनीने फ्रान्सकडून हिसकावून घेतला होता. त्यामुळे शूमान जन्मतः जर्मन नागरिक होते आणि वयाच्या तिशीनंतर, लोरेन परत मिळाल्यावर फ्रेंच झाले. इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी ट्रेंटो भागातले. तरुणपणी ते व्हिएन्नाच्या संसदेत बसत, कारण तेव्हा तो भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर हे ऱ्हाइनकाठच्या कलोन शहराचे महापौर होते. तिघेही कॅथलिक, तिघेही ख्रिस्ती लोकशाही पक्षांचे नेते, आणि तिघांनाही जर्मन भाषा येत असल्याने एकमेकांशी बोलावयास दुभाषा लागत नसे. शूमान तर अविवाहित, दररोज मिस्साला जाणारे. २०२१ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. तरीही यावरून युरोपचा संघ हे कॅथलिकांचे काम होते असे म्हणणे योग्य नव्हे. समाजवादी होते, प्रॉटेस्टंट होते, देव न मानणारेही होते. निळ्या ध्वजावरचे बारा तारे म्हणजे प्रकटीकरणाच्या पुस्तकातील स्त्रीचा मुकुट, असे आपल्याकडे भक्तिभावाने सांगितले जाते. तो ध्वज मूळचा संघाचा नव्हेच. तो ‘कौन्सिल ऑफ युरोप’ या वेगळ्याच संस्थेने १९५५ साली स्वीकारला. संघाने तो १९८६ पासून वापरावयास घेतला. बारा हा पूर्णत्वाचा आकडा, एवढेच अधिकृत स्पष्टीकरण आहे. ज्याला मरियेचे स्मरण होते त्याने करावे. इतिहास म्हणून ते सांगू नये.

मोने यांच्या प्राधिकरणात नवीन काय होते? राष्ट्रांच्या सभा पूर्वीही भरत. राष्ट्रसंघ होता, १९४५ पासून संयुक्त राष्ट्रे होती. तेथे प्रत्येक राष्ट्राचा वकील आपापल्या सरकारच्या सूचनेप्रमाणे बोलतो आणि ठराव झाला तरी तो पाळावयाचा की नाही हे सरकारच ठरविते. येथे नऊ माणसांना शपथ घ्यावी लागे, की आम्ही कोणत्याही सरकारकडून आदेश मागणार नाही व घेणार नाही. आणि त्यांचा निर्णय रूरच्या कारखानदारावर थेट बंधनकारक असे. बॉनच्या सरकारची परवानगी लागत नसे. राष्ट्रांनी आपल्या सार्वभौमत्वाचा एक वाटा काढून सामाईक घरात ठेवला आणि त्या घराला स्वतःची किल्ली दिली. २५ मार्च १९५७ च्या रोमच्या तहांनी तीच रीत साऱ्या व्यापाराला लावली, आणि पुढे नावे बदलत बदलत १९९३ पासून ‘युरोपीय संघ’ असे नाव रूढ झाले.

आज हा वाटा अनेक घरांत विभागलेला आहे आणि त्यांची नावे इतकी सारखी आहेत की वृत्तपत्रेही गोंधळतात. मोने यांच्या प्राधिकरणाचा वारस म्हणजे ब्रुसेल्सचा युरोपीय आयोग. प्रत्येक देशाचा एक याप्रमाणे सत्तावीस आयुक्त. पण आयुक्त आपल्या देशाचा प्रतिनिधी नव्हे. कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी आयोगाचा. संसदेतील सभासदाला स्वतः विधेयक आणता येत नाही, हे ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. परदेशांशी व्यापाराची बोलणीही आयोगच करतो. भारताशी २००७ साली सुरू झालेली, २०१३ साली अडलेली आणि २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा उभी राहिलेली व्यापार-कराराची बोलणी करताना दिल्लीच्या अधिकाऱ्यांसमोर बसणारा माणूस पॅरिसचा नव्हता, बर्लिनचा नव्हता. तो आयोगाचा होता. एवढ्या पसाऱ्याला आयोगाचा सेवकवर्ग सुमारे ३२,००० आहे. एकट्या मुंबई महानगरपालिकेचा सेवकवर्ग याहून कितीतरी मोठा. कायदा ब्रुसेल्सचा, पण तो राबविणारा शिपाई, कस्टमवाला, न्यायाधीश त्या त्या देशाचा, ही गोष्ट पुढे आंब्यांच्या पेट्यांपाशी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

प्रस्तावाला मान्यता देतात दोघे मिळून : मंत्रिपरिषद आणि संसद. मंत्रिपरिषदेत विषय शेतीचा असेल तर सर्व देशांचे शेतीमंत्री बसतात, अर्थाचा असेल तर अर्थमंत्री. बहुतेक बाबतींत मतदान होते व ते मोठे हिशेबी असते : निदान ५५ टक्के देश बाजूने हवेत आणि त्या देशांत संघाची निदान ६५ टक्के लोकसंख्या राहत असली पाहिजे. म्हणजे मोठ्यांनी मिळून लहानांना चिरडू नये आणि लहानांनी जमून मोठ्यांना अडवू नये. परराष्ट्रधोरण, कर, नवा सभासद घेणे अशा मोजक्या प्रश्नांना मात्र एकमत लागते. बहुमताने हरावयाचे, ही कल्पना राष्ट्रांच्या गळी सहज उतरली नाही. फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६५ च्या जुलैपासून पुढे सहा-सात महिने आपला मंत्री बैठकीला पाठविलाच नाही. खुर्ची रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ मध्ये तडजोड झाली, की एखाद्या राष्ट्राचे प्राणभूत हित गुंतले असेल तर एकमत होईपर्यंत बोलत राहावे. त्यामुळे पुढची वीसेक वर्षे गाडी रखडत चालली.

संसदेचे सभासद १९७९ पासून लोक थेट निवडून देतात. २०२४ च्या निवडणुकीत ७२० निवडून आले. ही संसद महिन्यातून एकदा स्ट्रासबुर्गला भरते, तिच्या समित्या ब्रुसेल्सला आणि सचिवालय लक्झेंबर्गला. पेट्याबोचकी बांधून चाललेली ही वारी फ्रान्सच्या हट्टापायी आहे आणि तिच्यावरचा खर्च निव्वळ उधळपट्टी होय, असे माझे मत आहे. पण संसद दुबळी नाही. साऱ्या आयोगाला घरी पाठविण्याचा अधिकार तिला आहे, आणि त्या धाकानेच १९९९ च्या मार्चमध्ये झाक सान्तेर यांच्या संपूर्ण आयोगाने राजीनामा दिला.

या सर्वांच्या वर, पण कायदे न करणारी, अशी राष्ट्रप्रमुखांची व शासनप्रमुखांची शिखर परिषद. ती दिशा ठरविते. तिचे अध्यक्षपद १ डिसेंबर २०२४ रोजी पोर्तुगालचे माजी पंतप्रधान आंतोनियु कोस्ता यांच्याकडे आले, तेव्हा मडगावात आनंद झाला आणि आपल्या किनाऱ्यावरही ‘गोंयकार युरोपचा राजा झाला’ अशी भाषा ऐकू आली. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदु द कोस्ता, हे मडगावच्या घराण्यातले. घरात आंतोनियु यांना ‘बाबुश’ म्हणत. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु राजा वगैरे काही नाही. अध्यक्षाने बैठक चालवावयाची, सत्तावीस जणांचे एकमत जुळवावयाचे. स्वतःला मत नाही. मुदत अडीच वर्षांची, फार तर दोनदा. आपल्या गावकीत तंटा मिटविणाऱ्या वडीलधाऱ्याचे काम ते हेच.

असो. पण राष्ट्रांना खरोखर एकत्र बांधले ते यांपैकी कोणीही नव्हे, ते लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, असे इतिहास पाहता म्हणावे लागते. आणि तेही क्षुल्लक वाटणाऱ्या दाव्यांतून. मिलान शहरात फ्लामिनियो कोस्ता नावाचे एक वकील होते. (बाबुश कोस्तांशी त्यांचा संबंध नाही.) इटलीच्या सरकारने १९६२ साली वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले; कोस्ता अशा एका कंपनीचे भागधारक होते आणि त्यांना ते रुचले नव्हते. नव्या सरकारी वीज मंडळाचे १,९२५ लिरांचे बिल आले. ते भरण्यास त्यांनी नकार दिला व खालच्यातल्या खालच्या न्यायाधीशापुढे म्हणणे मांडले, की राष्ट्रीयीकरणाचा हा कायदा रोमच्या तहाविरुद्ध आहे. त्या न्यायाधीशाने प्रश्न लक्झेंबर्गला विचारला. इटलीच्या सरकारचे उत्तर असे : आमच्या न्यायाधीशाने आमच्या संसदेचा कायदा पाळावा, परदेशी न्यायालयाला विचारण्याचे कारणच काय? १५ जुलै १९६४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की राष्ट्रांनी स्वखुशीने आपले काही अधिकार कायमचे मर्यादित केले आहेत. त्या मर्यादेत सामाईक कायदा आणि देशाचा कायदा यांचा विरोध आला तर सामाईक कायदा श्रेष्ठ.

तहात हे वाक्य कोठेही लिहिलेले नव्हते. न्यायाधीशांनी ते तहाच्या हेतूतून काढले. त्याच्या आदल्या वर्षी, ५ फेब्रुवारी १९६३ च्या निकालात, एका डच वाहतूक कंपनीच्या जकातीच्या तक्रारीवरून त्यांनी म्हटले होते की तहाने दिलेले हक्क केवळ सरकारांचे नाहीत, साध्या नागरिकाचेही आहेत आणि तो ते आपल्या गावच्या न्यायालयात मागू शकतो. या दोन निकालांनी तहाची राज्यघटना झाली. कोस्ता वकिलांच्या बिलाचे काय झाले हे इतिहासाने महत्त्वाचे मानले नाही; पण ज्याला वीजबिलाचा राग आला तो माणूस सहा राष्ट्रांच्या कायद्याची पायरी ठरवून गेला.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मारियो मिकेलेत्ती हे अर्जेंटिनात जन्मलेले दंतवैद्य. पूर्वजांच्या नात्याने इटलीचे नागरिकत्वही त्यांच्याकडे होते. त्यांना स्पेनमध्ये दवाखाना उघडावयाचा होता. स्पेनचे अधिकारी म्हणाले, आपण खरे पाहता अर्जेंटिनाचे. इटलीत आपण राहिलाच कोठे? खटला लक्झेंबर्गला गेला आणि ७ जुलै १९९२ रोजी निकाल लागला : नागरिकत्व कोणाला द्यावे हे प्रत्येक देशाने ठरवावे, पण एकदा एकाने दिले की दुसऱ्याला त्याच्या खरेपणाची वेगळी परीक्षा घेता येणार नाही. त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला मास्ट्रिख्टच्या तहावर सह्या झाल्या होत्या. तो १ नोव्हेंबर १९९३ पासून अमलात आला आणि प्रत्येक सभासद देशाचा नागरिक आपोआप ‘संघाचा नागरिक’ झाला. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ पासून सभासद होताच. त्याआधी, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये, त्याने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले होते, पण गोवेकरांचे नागरिकत्व काढून घेतले नव्हते.

अशा रीतीने अर्जेंटिनाच्या दंतवैद्याच्या खटल्याने पेडणे-बार्देशच्या तरुणांना इंग्लंडमधल्या स्विंडन शहराचा रस्ता मोकळा झाला. तेथे गोवेकरांची मोठी वस्ती झाली. कोंकणी मिस्सा होऊ लागल्या. लंडनच्या गृहखात्याला हे फारसे आवडले असेल असे नाही. पण ‘तू लिस्बन पाहिले आहेस का?’ हा प्रश्न विचारण्याची सोय लक्झेंबर्गने ठेवली नव्हती. जाता जाता एक योगायोग : पोर्तुगालच्या प्रवेशाच्या करारावर १९८५ साली आणि संघाच्या लिस्बन तहावर १३ डिसेंबर २००७ रोजी सह्या झाल्या त्या बेलेंच्या जेरोनिमुश मठात. वास्को द गामाची कबर तेथेच आहे.

आता नदीच्या आपल्या बाजूला येऊ. सिंधुदुर्गच्या माणसाला संघ भेटला तो पासपोर्टाच्या रूपाने नव्हे. मासळी आणि आंबा यांच्या रूपाने भेटला. १ ऑगस्ट १९९७ रोजी आयोगाने भारतीय मासळीची आयात स्वच्छतेच्या कारणावरून बंद केली. वर्षअखेरीस, तपासलेल्या कारखान्यांपुरती ती पुन्हा खुली झाली. मालवणच्या रापणकराने ब्रुसेल्सचे नावही ऐकले नसेल, पण कोळंबीचा भाव पडतो तेव्हा तो दर्यावरच्या माणसापर्यंत येऊनच थांबतो. २०१० पासून तर युरोपला जाणाऱ्या समुद्री मासळीबरोबर ती कोणत्या नौकेने, कोठे पकडली याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आंब्याची हकिकत अधिक बोलकी आहे. २०१३ साली भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांपैकी २०७ मालांत फळमाशी किंवा तत्सम कीड सापडली. २६ मार्च २०१४ रोजी ब्रुसेल्समध्ये वनस्पती-आरोग्याच्या स्थायी समितीची बैठक झाली. या समितीत प्रत्येक देशाच्या शेतीखात्याचे तज्ज्ञ अधिकारी बसतात. त्यांची नावे युरोपातही कुणाला ठाऊक नसतात. समितीने कौल दिला, २४ एप्रिलला आयोगाने निर्णय काढला, आणि १ मेपासून आंबा, वांगे, कारले, पडवळ व अळू या पाचांना २०१५ च्या अखेरपर्यंत संघाचे दार बंद झाले. १ मे! देवगडच्या बागायतदाराला ही तारीख काय सांगते ते वेगळे सांगावयास नको. कलमे खाली करावयाची ती एप्रिल-मेमध्येच. जूनचा पाऊस आला की हापूस संपला. बंदी वीस महिन्यांची होती, पण हंगामाच्या भाषेत ती ऐन पेटी भरतानाच आली.

येथे संघाचे सारे यंत्र उघडे दिसते. भारतीय आंब्याचे युरोपातील खरे गिऱ्हाईक इंग्लंड. दरवर्षी सुमारे १ कोटी ६० लाख आंबे तेथे जात, असे तेव्हाचे आकडे सांगतात. लेस्टरच्या व्यापाऱ्यांनी आरडाओरड केली. तेथील खासदार कीथ वाझ, तेही मूळचे गोवेकरच, यांनी आवाज उठविला. इंग्लंडच्या पंतप्रधानांना मात्र एकट्याने एक पेटीही सोडता येईना. वनस्पतींचे आरोग्य हा विषय त्यांच्या हातून केव्हाच सामाईक घरात गेला होता. २००० साली मंत्रिपरिषदेने एक आदेश काढून कीड आढळल्यास तातडीने बंदी घालण्याची मुभा आयोगाला दिली होती, आणि आयोगाने त्या समितीला विचारून ती वापरली. कोणत्याही संसदेत प्रश्न मतास गेला नाही. विमानतळावर पेटी अडविणारा अधिकारी इंग्लंडचाच, पगार इंग्लंडचाच, हुकूम ब्रुसेल्सचा.

निर्णय अन्यायाचा होता काय? माझ्या मते, नव्हता. आपल्याकडची निर्यातपूर्व तपासणी ढिली होती आणि तसे इशारे आधी मिळालेले होते. बंदीनंतर सरकारने मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच माल पाठविण्याची सक्ती केली, उष्णजल प्रक्रियेची व्यवस्था लावली, युरोपचे तपासनीस येऊन पाहून गेले. आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याच समितीने आंब्यापुरती बंदी उठविण्यास संमती दिली. पुढच्या हंगामात हापूस पुन्हा गेला. यंत्राने चूक सुधारू दिली, हे मान्य केले पाहिजे. पण मिलानच्या कोस्तांपाशी १,९२५ लिरांच्या बिलासाठी जे दार होते, ते देवगडच्या माणसापाशी नव्हते. ज्या घरात त्याच्या वर्षाच्या उत्पन्नाचा निर्णय झाला, त्या घराचा तो नागरिक नव्हता. आणि जे नागरिक होते त्यांनाही जाब नेमका कोणाला विचारावा ते कळत नव्हते : मंत्री आयोगाकडे बोट दाखवी, आयोग समितीकडे, आणि समितीत बसलेले असत ते त्या मंत्र्यांचेच अधिकारी.

हा दोष युरोपच्या विचारवंतांना दिसत नव्हता असे नाही. मास्ट्रिख्टच्या तहात त्यांनी एक तत्त्व घातले, आणि ते सेमिनरीत शिकलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्रात लिहिले होते, की जे काम लहान समाज स्वतः करू शकतो ते मोठ्या समाजाने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय होय. मोठ्याने साहाय्य करावे, गिळून टाकू नये. लॅटिनमधील ‘सुब्सिदियुम’ म्हणजे मागे राखून ठेवलेली कुमक; गरज पडेल तेव्हाच पुढे यावयाची. मुसोलिनीच्या इटलीत, सारे काही राज्यसंस्थेच्या हाती जात असताना लिहिलेले ते वाक्य साठ वर्षांनी बारा राष्ट्रांच्या तहाचे कलम झाले. लिस्बनच्या तहाने त्याला थोडे दातही दिले : देशोदेशींच्या संसदांच्या एकूण मतांपैकी एकतृतीयांश मतांनी ‘हे काम आमच्या पातळीवरचे आहे’ असे कळविले, तर आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. २०१२ साली संपाच्या हक्काविषयीचा प्रस्ताव अशी हरकत आल्यानंतर मागे घेतला गेला.

योगायोगाने आपल्या राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्तीही १९९३ सालीच, २४ एप्रिलला, अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. दोहोंत फरक मोठा आहे. युरोपात राष्ट्रांपाशी सारे होते, त्यांनी वरच्या घराला काही उसने दिले. म्हणून ते परत मागू शकतात. आपल्याकडे सारे वर होते आणि ग्रामपंचायतीला काही खाली उतरवून दिले. म्हणून आमचा सरपंच अजूनही ओरोसच्या वाऱ्या करतो.

उसने दिलेले परत मागता येते, हे इंग्लंडने दाखवून दिले. लिस्बन तहाच्या पन्नासाव्या कलमात बाहेर पडण्याची वाट लिहिलेली होती. २३ जून २०१६ रोजी तेथे सार्वमत झाले. त्यात मत कोणाला होते, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश व आयरिश नागरिकांखेरीज तेथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना मत होते. संघाच्या इतर बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हते. म्हणजे भारतीय पासपोर्ट जपून ठेवलेला सावंतवाडीचा माणूस तेथे नोकरीला असेल, तर इंग्लंडने संघात राहावे की नाही हे तो मताने सांगू शकत होता. आणि स्विंडनमध्ये शेजारच्या घरात राहणारा त्याचा पेडण्याचा मावसभाऊ, जो संघाचा नागरिक म्हणूनच तेथे आला होता आणि ज्याचे सारे बस्तान त्या मतावर अवलंबून होते, त्याला मत नव्हते. स्विंडनचे बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने झाले.

३१ जानेवारी २०२० रोजी इंग्लंड बाहेर पडले. संक्रमणकाळ त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपला. आधीपासून स्थायिक झालेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क टिकविता आला. त्याची नेहमीची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. त्यानंतरच्या पोर्तुगीज पासपोर्टाने पॅरिस, डब्लिन, लिस्बन यांची दारे उघडी राहिली. स्विंडनला कामासाठी जाऊन राहावयाचे, तर तेरेखोलच्या माणसाला आता व्हिसा काढावा लागतो. रेडीच्या माणसाला लागतो तसाच.